पॉलिश जरा जास्त झालं

थोरली जाऊ होडीत आपटली ते अख्ख्या धक्क्याला ऐकू गेलं. आधी धप्प, मग एक शिवी. शिवी इतकी अस्सल होती, की शेजारच्या होडीतल्या निवृत्त न्यायाधीशांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि त्यांच्या कुत्र्याने कान टवकारले.

ही जुनी शिडाची होडी दोघी जावांनी मिळून घेतलेली. थोरली हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, धाकटी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी. एकीला माणसं धाकात ठेवायची सवय, दुसरीला ओरडून वळवायची. होडीच्या मागच्या बाजूला खोलगट जागा होती, कॉकपिट. तिथे बसून सुकाणू धरायचं, शिडाचे दोर ओढायचे. पण तिथली फायबरची जमीन पाणी पडलं की साबणाची वडी व्हायची.

थोरलीचं माकडहाड दुखावलं. दिसेल त्या खुर्चीवर ती तिरकी बसू लागली.

"खाली काहीतरी अंथरल्याशिवाय मी त्या होडीत पाय ठेवणार नाही," तिने जाहीर केलं.

एवढं ऐकायचा अवकाश, दोघींचे नवरे सरसावले. हे सख्खे भाऊ, दोघांचं मिळून घरसामानाचं दुकान. थोरला लाकडाचं बघायचा, धाकटा गालिच्यांचं. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर या दोघांचं औषध आपापल्या कपाटात तयार असायचं.

पहिला नंबर धाकट्याने लावला. कुठल्याशा ऑफिसचा उरलेला निळा गालिचा त्याने कॉकपिटमध्ये बसवून दिला. दिसायला झकास. पहिली लाट आत आली आणि गालिचा पाणी प्यायला लागला, तो थांबेचना. परत येऊन दोघींनी तो ओढून काढला, तेव्हा म्हैस बाहेर काढल्यासारखं वाटलं. मग तो इमारतीच्या गच्चीवर वाळत घातला. असा वास सुटला, की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाण्याच्या टाकीत काही मेलंबिलंय का, ते झाकण उघडून पाहिलं.

"वाळला की बरा होईल," धाकटा म्हणाला.

"मग तुम्हीच झोपा त्याच्यावर," धाकटीने त्याला सांगितलं.

तरी हा हार मानेना. दुसऱ्या खेपेला त्याने प्लॅस्टिकची हिरवळ आणली. पाणी शोषत नाही, पाय घसरत नाही, डोळ्यांना थंडावा, असं बरंच काही तो बोलला. सकाळी दोघी होडीवर गेल्या, तर हिरवळीच्या मधोमध पिवळं तळं.

धाकटी तडक शेजारी गेली. "साहेब, तुमचं कुत्रं आमच्या होडीत मुतलंय."

"होडीत म्हणजे नक्की कुठे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हिरवळीवर."

"मग त्याचं काय चुकलं? त्याला लहानपणापासून हिरवळीवरच जायला शिकवलंय. बाग तुम्ही लावलीत."

कुत्रं निर्दोष सुटलं आणि रोज येऊ लागलं. त्यात हिरवळीचे धागे गळून पाणी जायच्या भोकात बसले. कॉकपिटमध्ये घोटाभर पाणी साचलं, आणि ते कशाचं होतं यावर दोघींनी विचार करायचं टाळलं.

आता थोरल्याची पाळी. त्याने सागवानी फळ्यांचा तक्ता करून आणला. पॉलिश असं, की वाकून भांग पाडावा.

"होडीला सागवानच शोभतं," तो म्हणाला. "तुम्ही उगाच गालिच्यांत वेळ घालवलात."

थोरली सरळ आपल्या जुन्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या धुलाईखान्यात बायका दिवसभर ओल्यात उभ्या असायच्या, त्यांच्या पायाखाली जाडजूड काळी रबरी चटई असायची, भोकाभोकांची. तशीच एक ती मागून घेऊन आली. दिसायला अगदीच दरिद्री. धक्क्यावर तिने तक्ता आणि चटई शेजारी शेजारी मांडली, दोन्हींवर साबणाच्या पाण्याची बादली ओतली आणि नवऱ्याकडे वळली.

"चला बघू."

"अगं, अस्सल सागवान आहे हे!"

"म्हणूनच तर. चाला."

थोरला छाती काढून निघाला. एक पाऊल पडलं. दुसरं पडलं ते पडलंच नाही, ते पुढे निघून गेलं, आणि मागोमाग तोही, थेट पाण्यात. कुत्र्याला वाटलं खेळ सुरू झाला, त्यानेही उडी मारली. न्यायाधीशांनी आधी कुत्र्याला बाहेर काढलं.

"पॉलिश जरा जास्त झालं," थोरला पाण्यातूनच म्हणाला.

मग सगळे थोरलीकडे बघू लागले, आता चटईवर चालायची पाळी तिची. तिचा चेहरा मात्र उतरला होता. पडल्यापासून ती घरच्या जिन्यातही भिंत धरून उतरायची. कुणाला बोलली नव्हती, पण धाकटीच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. धाकटीने मुकाट्याने तिचं कोपर धरलं.

"सोड," थोरली म्हणाली.

"ताई, नका ना उगाच."

"सोड म्हणते ना."

ती चटईवर चढली. एक फेरी घातली. परत फिरली, पाय आपटून पाहिले. आणि मग, "उडी नका मारू!" असं धाकटी ओरडेपर्यंत तिने उडी मारलीसुद्धा. ओल्या रबराखालून पर्र्र असा खणखणीत आवाज निघाला. न्यायाधीशांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण ते हलत होतं.

"ही घालायची," थोरली म्हणाली.

धाकट्याने आपल्या गालिच्याच्या सुरीने चटई मापात कापून दिली. काहीतरी कापायला मिळालं, यातच त्याचं समाधान झालं. थोरला टॉवेल गुंडाळून सूचना देत होता, त्या कुणी ऐकल्या नाहीत.

लगेच दोघी निघाल्या. वारा चांगला होता. होडी कलली, लाट कॉकपिटमध्ये आली, भोकांतून खाली गेली आणि वाटेला लागली. थोरली पाय फाकवून सुकाणूशी उभी होती.

"डावीकडे घ्या! आरसा बघा!" धाकटी ओरडली.

"आरसा कुठाय इथे?"

"सवय हो, सवय!"

बंदराची भिंत मागे पडली. इतक्या लांब त्या आजवर आल्याच नव्हत्या.

"वळायचं का आता?" धाकटीने विचारलं.

"भूक लागली की वळू."

भूक लागायच्या आधीच धाकटीने डबा उघडला आणि थोरलीपुढे धरला.