दोनशे बारा दीर्घिकांची दुरुस्ती

दादाने घेतलेली दोनशे बारा दीर्घिकांची मापं अखेर रद्द झाली आणि शोधनिबंधावरून त्याचं नावही गेलं. तसं काही झालेलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ.

वेधशाळेत दोघं भावंडं एकाच दीर्घिकासमूहाला जुंपलेली. धाकटी दीर्घिकांचे वेग काढायची, दादा त्यांचा उजेड मोजायचा. उजव्या डोळ्याने चाळीस वर्षांपूर्वीच्या काचेवरचा फोटो बघायचा, डाव्याने ठरावीक उजेडाच्या नमुन्यांची पट्टी, आणि दोन्ही ताडून आकडा लिहायचा. रोज सकाळी आधी एक ठरलेली दीर्घिका मोजून हात बसवायचा, अशी तिथली पद्धत.

विभागप्रमुखांनी त्या एकीचीच मापं एकाखाली एक लावली. पाच महिन्यांत ती निम्म्यावर आली होती.

“दीर्घिका विझत असती तर मी पेढे मागितले असते,” ते म्हणाले. “पण बाई, इथे तिचा फोटो विझतोय.”

धाकटी तक्त्याकडे बघत राहिली. दादाच्या उजव्या डोळ्यामागची गाठ डॉक्टरांना सापडायच्या कितीतरी आधी इथे नोंदली गेली होती, दशांश चिन्हासकट.

घरी दादा पलंगावर पडून होता. आता दोन्ही डोळे गेले होते. पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांनी दिलीच नव्हती.

“छापतायत ना गं, माझी मापं? माझ्यामागे तेवढंच उरणार. बाकी सगळे शर्ट, तेही तुझ्या नवऱ्याच्या पोटावर बसायचे नाहीत.”

“छापतायत की. सगळं जुळलं. सर खूश आहेत. नावही आहे, वरतीच आहे.”

“खोटं बोलताना तुझा वेग वाढतो.”

तिने त्याची उशी सरळ केली.

“मला वाटायचं, काचच मळलीय,” दादा म्हणाला. “रोज पुसायचो. तेवढी स्वच्छ काच आख्ख्या इमारतीत सापडायची नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयातून दुरुस्तीचा छापील अर्ज आणला. ‘नोंद आणि वस्तू यांत तफावत आढळल्यास करावयाची दुरुस्ती’ या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

“भावाच्या नोंदी कायम ठेवून, सोबतच्या यादीतील दोनशे बारा दीर्घिकांचा उजेड मागील तारखेपासून कमी करण्यात यावा. नोंद घेणाऱ्याकडे वेळ थोडा असल्याने कार्यवाही याच महिन्यात व्हावी, ही नम्र विनंती.”