बाथरूममध्ये स्लिप

आमच्या पाटण भागात म्हातारी माणसं पडत नाहीत, बाथरूममध्ये स्लिप होतात. उसाच्या ट्रॉलीवरून पडा नाहीतर माळ्यावरून, दवाखान्यात सांगायचं हेच. मग पुढं कुणी विचारत नाही.

शालूबाईंना म्हशीनं ओढलं होतं. ओढ्यावर पाण्याला नेताना त्यांनी सवयीनं दावं मनगटाला गुंडाळलं. असं करू नये हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळेच करतात. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, म्हैस उधळली आणि शालूबाई दहा-बारा पावलं फरफटत गेल्या. मनगट मोडलं.

मुलगा अर्जुना फौजेत हवालदार. मागच्या सुट्टीत त्यानं बजावलं होतं, "म्हशीपायी परत पडलीस तर तिला बाजार दाखवीन." नवरा गेल्यापासून शालूबाईंचा दिवस त्या म्हशीपाशीच सुरू व्हायचा. मोडक्या हातापेक्षा त्यांना बाजाराची धास्ती जास्त होती. प्लास्टर ओलं असतानाच त्यांनी सुनेला बजावलं, "त्येचा फोन आला तर बाथरूममदी स्लिप झाल्या म्हण." शिवांजलीनं तसंच सांगितलं.

दीड महिन्यानं अर्जुना सुट्टीवर आला. बॅग ठेवून आधी बाथरूममध्ये गेला. खाली खडबडीत शहाबादी फरशी, त्यानंच बसवलेली. पाणी ओतून त्यानं दोनदा पाय घासून पाहिला. पाय सरकेना. मग बाहेर येऊन आईचा हात हातात घेतला. प्लास्टर कालच निघालं होतं. मनगटाभोवती दाव्याचा काळा व्रण अजून होता.

"कुठं स्लिप झालीस?"

"तितंच की, बादलीपशी," शालूबाई गोठ्याकडं बघत म्हणाल्या.

त्यानंही एकदा गोठ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटारसायकल काढून गेला. व्यापाऱ्याला आणायला गेला, दुसरं काय, असं शालूबाईंनी धरलं. त्यांनी म्हशीपुढं पाटीभर पेंड ओतली, धडक्या हातानं तिची मान खाजवली आणि तिथंच बसून रडल्या.

अर्जुना परतला तो काळ्या पाईपचं भेंडोळं घेऊन. दुपारपर्यंत घरावरच्या टाकीचं पाणी गोठ्यात आलं. म्हशीला आता ओढ्यावर न्यायचं कारण उरलं नाही.

शेजारचा आकाराम कुडावरून डोकावला. "एवढी पाईप कशाला रं?"

"आई बाथरूममदी स्लिप झाली न्हवं का," नळ आवळत अर्जुना म्हणाला. "म्हणून."

आकारामनं एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा शालूबाईंकडं. पुढं काही विचारलं नाही.