मावशी कुणाचं ऐकते

मावशी म्हणजे घोडी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मावशी गवत चावायची वगैरे पुढे वाचून तुमचा भलताच गैरसमज व्हायचा. वय बावीस, रंग भिजल्या मातीचा, स्वभाव वरून गरीब आणि आतून बेरका. आसपासची निम्मी पोरं घोडेस्वारी तिच्याच पाठीवर शिकलेली. शिकवणाऱ्या बाईंचं घर तबेल्याच्या वरच होतं. खाली घोडी, वर संसार.

साथ आली आणि रिंगणाचं फाटक बंद झालं. बाई दोन दिवस भिंतीकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणाला फोन बांधला, आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला मावशीवर बसवलं आणि शिकवणी पुन्हा सुरू केली. अकरा घरांतली अकरा पोरं सोफ्याच्या हातावर मांड टाकून बसायची. खुर्चीच्या पाठीला बांधलेला बाबांचा पट्टा हाच लगाम. बाई रिंगणाच्या मधोमध उभ्या राहून म्हणायच्या, "चाऽल!" की मावशी चालायला लागायची, आणि घरोघरचे सोफेही. "दुडकीऽ!" म्हटलं की पोरं वर-खाली, वर-खाली. एका सोफ्याने तर त्यातच मान टाकली. बाहेर रस्ते ओस पडलेले, आणि बंद दारांआड अकरा घोडे संथपणे कुठेतरी निघालेत, असं बाईंना खरंच वाटायचं. काय गोड वेड होतं ते!

मग बाईंनाच ताप आला.

वरच्या खोलीत त्या चौदा दिवसांसाठी एकट्या राहिल्या. नवरा दाराबाहेर ताट ठेवून पळायचा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, ते बंद. घोड्यांना तो इतका भ्यायचा, की लग्नाला बारा वर्षं होऊनही मावशीला 'अहो' म्हणायचा. तापात बाईंचे दिवस एकमेकांत विरघळून गेले. नाकाला वास कळेना, म्हणून त्या नुसत्या कानांनी जगत होत्या. खाली मावशी गवत चावायची, तो आवाज ऐकत त्या झोपायच्या. स्वप्नात पलंग हळूहळू कुरणातून चालायचा, आणि जाग आली की बाईंना चक्क उतरायचं कसं ते आठवायचं नाही.

जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "म्हातारं जनावर आहे. रोज चालवा, थोडी दुडकीही घ्या. नुसती उभी राहिली तर पाय सुजतील. आणि एकदा खाली बसली की उठवणं कठीण."

लेक ऐटीत खाली गेली. खोगीर चढवलं, मांड टाकली, टाच मारली. मावशी ढिम्म! पोरीने चुचकारलं, दटावलं, शेवटी हातापाया पडली. मावशी आपली कान हलवत उभी. बाईंना राहवेना. त्यांनी खिडकी उघडून हाक दिली, "चाऽल!" आणि मावशी निघाली, जणू काही झालंच नाही.

चार पावलांवर पोरीने लगाम सोडला. दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आई, थांब म्हण."

"थांऽब."

मावशी थांबली.

"वळ म्हण."

बाई म्हणाल्या. मावशी वळली. पोरीचे पाय रिकिबीतून बाहेर लोंबत होते.

"ती तुझं ऐकते," पोरगी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी वर नुसतं गाठोडं. मला घोडा येतच नाही, आई. कधीच येत नव्हता."

इथे घोडं पेंड खात होतं! आणि ते करून ठेवलं होतं बाईंनीच. लहान पोरं पडू नयेत म्हणून त्यांनी मावशीला स्वतःच्या आवाजावर तयार केलं होतं. पोराची टाच लागो न लागो, बाईंचा शब्द पुरे. पोरं म्हणायची, मी चालवला! आया-बाप टाळ्या वाजवायचे. हळूहळू बाई स्वतःच ते विसरून गेल्या होत्या.

पोरगी उतरली ती पुन्हा चढेचना. बाई खिडकीतून ओरडायला जायच्या, पण एका हाकेला पाच मिनिटं खोकला. नवरा देवाचं नाव घेत खाली गेला. "अहो, चला ना जरा," तो दोरी धरून म्हणाला. मावशीने दोन पावलं टाकली, मग त्याच्या खांद्यावर एक लांब सुस्कारा सोडला. झालं, साहेब कुंपणापलीकडे! तिसऱ्या दिवशी मावशीचे मागचे पाय सुजले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी लेकीला दाराशी बोलावलं. मध्ये बंद दार. अलीकडे आई, पलीकडे लेक, दोघी जमिनीवर बसलेल्या.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला बसवलं फक्त. चालवू दिलंच नाही."

बाईंनी दाराला डोकं टेकवलं.

"टाचेने सांग तिला. सांगितलंस की वाट बघ. तिला विचार करायला वेळ लागतो. मी तो कुणालाच देत नव्हते, लगेच ओरडायचे."

पलीकडे पोरीने नाक ओढलं. मग पावलं जिना उतरून गेली.

थोड्या वेळाने रिंगणातून हाक आली, "आई, खिडकी लाव! आणि एक शब्द बोलायचा नाही!"

बाईंनी खिडकी लावली. खाली सगळं शांत. इतका वेळ शांत, की बाईंच्या ओठांवर तो शब्द येऊन बसला. बोल की, एकच तर शब्द! मावशीचे पाय, पोरीचा हिरमुसला चेहरा, सगळं एका शब्दात सुटेल. काचेतून दिसलं, मावशीने मान उचलून खिडकीकडे पाहिलं. ती बाईंनाच शोधत होती. बाई झटकन खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. इतकं अवघड काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

एक टाप वाजली. मग काहीच नाही. मग दुसरी, तिसरी, चौथी. चालीला लय आली. सगळी खोली त्या लयीवर हलकी हलकी डोलायला लागली, आणि बराच वेळ तशीच डोलत राहिली. मग चार टापांच्या दोन झाल्या. दुडकी! बाईंचे खांदे आपोआप वर-खाली, वर-खाली व्हायला लागले. डोळे घळाघळा वाहत होते. आपल्या रिंगणात आज पहिल्यांदा कुणीतरी घोडा चालवतंय, आणि ती आपली लेक आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

अर्ध्या तासाने जिना धडधडला. दारापलीकडे धापा.

"ऐकलंस?"

"ऐकलं गं."

"मध्ये काही बोलली नाहीस ना? हळूसुद्धा?"

"शप्पथ नाही."

पोरीने धापा आवरल्या. मग अगदी मोठ्या माणसासारखं म्हणाली, "मग तू सावकाश बरी हो, आई. आम्हाला काही घाई नाही."

बाई खोकला येईपर्यंत हसल्या, आणि मग उशीत तोंड खुपसून पोटभर रडल्या.