दगडावरचे ठिपके

मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे, बोटभर लांबीची. माझे टोक बोथट झाले आहे. ते कुठे बोथट झाले, हे सांगायची मला लाज वाटते. तरी सांगते.

उल्हासनगरच्या भांड्यांच्या दुकानात हरिचंद्र माझ्याकडून भांड्यांवर नावे घालून घेई. ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर होई. लग्नाची ताटे, बारशाच्या वाट्या, कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या समया. गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून देई आणि हरिचंद्र ते चित्रासारखे उतरवून घेई, कारण त्याला वाचता येत नव्हते. अक्षर सुंदर आहे असे लोक म्हणत. तो नुसता हसे.

पुढे नावे घालायची विजेची यंत्रे आली आणि आम्ही दोघे घरी बसलो. साठी उलटल्यावर हरिचंद्र बदलापूर गावातल्या प्रौढांच्या वर्गात जाऊ लागला. एकदा वर्गाच्या मायाबाईंनी सगळ्यांना अंबरनाथचे जुने शिवमंदिर दाखवायला नेले. मी सवयीने त्याच्या खिशात होते. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची नावे घातली होती, स्वतःचे एकदाही नाही. एका खांबाआड त्याने खाली पडलेला धोंडा उचलला, माझे टोक खांबाला लावले आणि धोंडा माझ्या डोक्यावर हाणला. खांबाचा काळा दगड फार कठीण होता. पण 'हरिचंद्र' पुरे झाले, आणि खरे सांगते, तेव्हा मलाही अभिमानच वाटला.

पाच वर्षांनी, २००६ साली, त्याच्या नातीला, तेजलला, शाळेने जगातल्या वास्तूंची वही करायला सांगितली. ताजमहाल, पिरॅमिड, कललेला मनोरा अशी चित्रे तिने चिकटवली. शेवटचे पान स्वतः पाहिलेल्या वास्तूचे होते. ती आजोबांना अंबरनाथला घेऊन गेली, आणि त्यांच्या खिशातून मीही गेले. हरिचंद्र तिला सारखा दुसऱ्या बाजूला नेत होता. पण ऊन लागले म्हणून ती नेमकी त्याच खांबाच्या सावलीत डबा उघडून बसली.

"आजोबा, कुणा येड्यानं नाव कोरलंय बघा. घरी भिंत नव्हती काय याला?"

मग तिची नजर डब्याच्या झाकणावर गेली. तिथे तिचे नाव मीच घातले होते. तेच ठिपके, तशीच उजवीकडे वर चढत जाणारी रेघ. तिने खांबावरचे नाव पुन्हा वाचले आणि झाकण हळूच उलटे ठेवले.

हरिचंद्र म्हणाला, "मीच तो येडा, पोरी."

"पुसता येईल?"

"भांड्यावरचं घासून जातं. हे नाही जायचं. मी गेल्यावरही राहील."

तेजलने खांबाचे चित्र काढले. नाव काढू की नको, असे तिने विचारले. त्याने वही मागून घेतली, नाव स्वतः काढले आणि खाली लिहिले, 'हे मी केले. चूक झाली.'

मित्रांनो, तुम्ही लेणी पाहाल, किल्ले पाहाल. तिथे माझ्यासारखीला खिशात नेऊ नका. त्या मंदिरातले हत्ती आणि वेली ज्यांनी घडवल्या, त्यांच्याही हातात छिन्नीच होती. त्यांची नावे मी त्या दिवशी खूप शोधली. मला एकही दिसले नाही. आमचे तेवढे दिसले.