नववं प्रकरण

"हे वाक्य फेब्रुवारीत येऊन गेलंय, सर." मी-रानने माझा मजकूर टेबलावर ठेवला. "'इतक्या वर्षांत असं पुस्तक हाती आलं नव्हतं.' एप्रिलमध्येही आलंय. तेव्हा ते तत्त्वज्ञानाचं जाडजूड पुस्तक होतं, आठवतं?"

"ते मनापासून नव्हतं."

"आणि हे?"

"हे मनापासून आहे."

ती हसली. मी-रान आमच्या दैनिकाच्या पुस्तकांच्या पानाची संपादक. उमेदवार म्हणून आली तेव्हा मुद्रितं कशी तपासायची ते मीच तिला शिकवलं होतं, त्यामुळे ती मला हसते ते मी चालवून घेतो.

"रागावू नका हं. पण वाचणाऱ्याला कसं कळायचं, या खेपेला मनापासून आहे म्हणून?"

देगू शहरात गेली एकतीस वर्षं दर शनिवारी 'प्यो इन-हो' या नावाखाली माझं परीक्षण छापून येतं. साहित्य, तत्त्वज्ञान आणि लेखकांची चरित्रं माझ्याकडे. स्वयंपाक आणि शेअर बाजार दुसरे बघतात. एकेका चौकटीत एकेक अक्षर लिहायचे ते दोनशे चौकटींचे कागद कधीच गेले, पण मजकुराची लांबी आम्ही अजून त्याच कागदांत मोजतो. मला सात कागद मिळतात. त्या सात कागदांत मी आजवर कुणाला दुखावलेलं नाही. शहर मोठं असलं तरी लिहिणाऱ्यांची वस्ती लहान. आज ज्याच्या पुस्तकाला नावं ठेवावीत, तोच पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी आईच्या अंत्यविधीच्या जेवणाला आपल्या शेजारी बसून सूप पीत असतो.

असल्या परीक्षणांना आमच्याकडे लग्नातलं भाषण म्हणतात. लग्नात एक वडीलधारा उभा राहतो. नवरा हुशार, नवरी सालस, दोन्ही घराणी थोर असं सांगतो आणि खाली बसतो. खरं कशाला कोण बोलेल? जेवणं खोळंबलेली असतात. माझी बायको तर शुक्रवारी संध्याकाळी सरळ विचारते, "काय, आज कुणाचं लग्न लावलंत?"

वाचनाने मी कधी थकलो नाही, या भाषणांनी थकलो. एकेका विशेषणाची पार चिंधी झाली होती आणि त्याच चिंधीने मी दर शनिवारी नवं पुस्तक पुसून देत होतो.

आणि अशा वेळी हे पुस्तक आलं. लेखिका मिन पिल-नाम, जवळच्या योंगचॉन गावच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. विषय, नो ग्यू-बेक नावाचा एक कवी. त्याचा एकच बारीकसा संग्रह, तोही कुणी वाचलेला नाही. बाई पहिल्यांदा नोकरीला लागल्या तेव्हा हा कवी त्यांचा मुख्याध्यापक होता. पुस्तक छापलं होतं एका छोट्या प्रकाशकाने, पाचशे प्रती.

एकूण दहा प्रकरणं; पहिली आठ चांगली आहेत, नेटकी. नववं प्रकरण अकरा पानांचं आहे. कवीचा शेवटचा हिवाळा. तो काही लिहीत नाही. त्याला वस्तूंची नावं आठवेनाशी झाली आहेत. तो चमचा उचलून बायकोकडे बघतो. ती म्हणते, "चमचा." तो म्हणतो, "चमचा," आणि मग जेवायला लागतो. बर्फ पडतं, त्याचंही नाव तिला सांगावं लागतं. एक दिवस ती त्याच्यापुढे त्याचाच कवितासंग्रह धरते. "हे काय?" तो विचारतो. "पुस्तक," ती म्हणते. तो मान डोलावतो, पुस्तक उशाखाली ठेवतो आणि झोपतो. बस, एवढंच. सबंध प्रकरणात बाईंनी एकही विशेषण वापरलेलं नाही.

मी ते मेट्रोत वाचलं आणि तीन स्टेशनं पुढे गेलो. फलाटावरच्या बाकावर बसून पुन्हा वाचलं. रडलो, लपवायचं काय त्यात. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते हातात होतं आणि ते लोकांपर्यंत पोचवायला माझ्याकडे एकही धड शब्द उरलेला नव्हता.

"लोक पान उलटताना तुमचं नाव बघतात," मी-रान म्हणाली, "आणि म्हणतात, चला, याही वेळी आवडलेलं दिसतंय. झालं. पुस्तक कोणी उघडत नाही. तुम्ही वाईट म्हणालात ना, तर अख्खं शहर धावेल."

ती हे चेष्टेत म्हणाली होती. मी ती चेष्टा घरी घेऊन गेलो.

तीन दिवस लागले. वाईट लिहिण्याची सवय नव्हती. पहिला मसुदा इतका गोड झाला की बायको म्हणाली, "हे झोडपणं? हे तर लोक वाटलेली मिठाई समजून वाचतील." मग मी नेम धरला. कुठे मारायचं हा प्रश्नच नव्हता. लोकांनी आधी नववं प्रकरण उघडावं असं मला वाटत होतं, म्हणून घाव तिथेच घातला. मी लिहिलं, 'या अकरा पानांत काहीही घडत नाही. ती गाळली असती तरी पुस्तकाचं काही बिघडलं नसतं.' नको म्हटलेलंच माणूस आधी उघडतो, असा माझा हिशेब होता.

मी-रानने ते दोनदा वाचलं. "सर, नक्की छापू?"

"छाप."

"मग बाईंना आधी एक फोन तरी करा."

"आधी सांगितलं तर ते नाटक होईल गं. नंतर करतो."

शनिवारी दुपारपर्यंत सतरा फोन आले. प्यो इन-होने कुणाला तरी झोडपलं ही बातमीच होती. ग्रंथालयातल्या मुलींनी पुस्तक मागवलं, कॉलेजातल्या माझ्या जुन्या मित्रांनी मागवलं. राजधानी सोलच्या एका साप्ताहिकाने नवव्या प्रकरणाची बाजू घेऊन दोन पानं लिहिली आणि मला 'कान गेलेला म्हातारा' म्हटलं. शिव्या खाताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तीन आठवड्यांत पाचशे प्रती संपल्या.

बाईंना फोन करायचा राहत गेला. आज करू, उद्या करू. खरं सांगायचं तर माझी चैन चालली होती. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचत होते. शेवटी फोन त्यांचाच आला. दुसरी आवृत्ती निघतेय, एकदा येऊन जाल का, म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसने मी योंगचॉनला गेलो.

बाईंनी भाजलेल्या जवाचा चहा ओतला, नाशपाती सोलून पुढे ठेवली. लहानखुरी बाई, पण पाठ ताठ. मी क्षमा मागायला तोंड उघडणार तोच त्याच म्हणाल्या, "तुमचे आभार मानायला बोलावलं, सर."

"माझे?"

"राग आला होता आधी. दोन दिवस घास उतरला नाही. मग म्हटलं, या माणसाला आपण एकतीस वर्षं वाचतोय. कसल्या कसल्या पुस्तकांना यांनी सांभाळून घेतलंय, मला का कळत नाही? असा माणूस जेव्हा म्हणतो की एवढी पानं नकोत, तेव्हा ती किती वाईट असली पाहिजेत!" त्यांनी मांडीवरचा कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं. काढून टाकलं मी ते."

मी अनुक्रम बघितला. दहाव्याचं नववं झालं होतं.

"प्रकाशक काय म्हणाला?"

"नको म्हणत होता. त्या सोलच्या लेखाचं कात्रण नाचवत आला होता. मी म्हटलं, तो सोलचा माणूस मला माहीत नाही. प्यो सर माहीत आहेत."

"बाई, ते खोटं होतं." मी गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकलो. "लोकांनी पुस्तक उघडावं म्हणून मी मुद्दाम तसं लिहिलं. नववं प्रकरण सगळ्यात चांगलं आहे. इतक्या वर्षांत मी असं..." पुढचे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझ्या मलाच ते शिळे वाटले.

बाई हसल्या. मायेने, जशी शिक्षिका हसते. "तुमचा स्वभावच तो. समोर बसून कुणाचं मन मोडवत नाही तुमच्याच्याने. मीही मुलांना असंच म्हणायचे. घोडा काढलेला असो की कुत्रा, छान आहे हो, म्हणायचे."

"मी-रानला विचारा. आमच्या संपादकबाईंना."

"त्या तुमचा शब्द खाली पडू देतील होय?"

"निदान कवीच्या बायकोसाठी ठेवा. तो हिवाळा त्यांनीच तुम्हाला सांगितला ना?"

"त्यांनीच. चार दुपारी बसून सांगितला. पण त्याही गेल्या मागच्या वर्षी. आता वाईट वाटून घ्यायला कुणी नाही." त्यांनी चहाची वाटी माझ्याकडे ढकलली. "प्या, निवतोय. आणि एक काम करा. जोड नीट बसलाय का, तेवढं मोठ्याने वाचून दाखवा. माझं मला कळत नाही."

मी चष्मा लावला. आठव्या प्रकरणाची शेवटची ओळ वाचली, 'त्या शरदात त्यांनी शाळेच्या अंगणातली पानं स्वतः झाडली आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला.' पान उलटून नव्या नवव्याची पहिली ओळ वाचली, 'अंत्यविधीला चौदा माणसं आली होती.'

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "पुन्हा एकदा," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

"कुठे अडखळलात नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातून कागद घेतले, टेबलावर दोनदा आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.