दुधातली खडखडी

मित्रांनो, तापायला ठेवलेल्या दुधाच्या पातेल्यातून टकटक, खडखड असा आवाज आला तर दचकू नका. आत बेडूक नाही, आत मी आहे. मी तांब्याची एक जुनी चकती. तळहाताएवढी, जाडजूड, कडेला उचललेली आणि त्या कडेला एक खाच असलेली. लोक मला खडखडी म्हणतात. सध्या मी बीड जिल्ह्यातल्या तेलगावात वर्षाराणीच्या स्वयंपाकघरात राहते.

माझं काम सोपं आहे. रिकाम्या पातेल्याच्या तळाशी मला पालथं ठेवायचं आणि वरून दूध ओतायचं. दूध तापलं की वाफ माझ्या पोटाखाली साठते, मला एका बाजूने उचलते आणि खाचेतून सुटून वर जाते. मी परत तळावर आपटते. वाफ अशी वाट काढत राहिली की साय फाटते आणि दूध फुगून बाहेर येत नाही. शिवाय माझी खडखड ऐकून घरातल्या बाईला कळतं की आता गॅस बंद करायला हवा. एवढंच. पण ज्या घरात लहान मूल आहे तिथे विचारा, एवढंच म्हणजे किती!

माझा जन्म धारूरचा. शंभराहून जास्त वर्षं झाली. त्या वेळी आपल्याकडे निजामाचा अंमल होता. किल्ल्याच्या वाटेवर उत्तरेश्वर तांबटाचं दुकान होतं. घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे त्याच्या बायकोचा, छबुबाईचा आवाज त्याच्या ठोक्यांच्या वर ऐकू यायचा.

"आवो, दूध गेलं बगा!"

"मंग बसायचं व्हतं ना चुलीम्होरं."

"दुधाम्होरं बसू का लेकराम्होरं? ते रांगत रांगत तुमच्या भट्टीकडं निघालं व्हतं. दोन डोळे दिल्यात देवानं, पण ते एकाच बाजूला बगत्यात!"

उत्तरेश्वर हातोडा खाली ठेवून बराच वेळ बसून राहिला. छबुबाईला वाटलं, रागावला. तो रागावला नव्हता, विचार करत होता. डोळे दोन्ही लेकराकडे राहू द्यायचे तर दुधाची राखण कानाने केली पाहिजे, हे त्याला तिच्या बोलण्यातूनच सुचलं. मग त्याने चकत्या करायला सुरुवात केली. एक हलकी झाली, ती दुधावर तरंगली. एक इतकी जड झाली की वाफेला हलेना. एक इतकी वाजली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. छबुबाई हसून हसून दमली. "दूध ऱ्हाईलं, पर म्हस गेली की वो!" असं ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत सुटली. शेवटी कडेला खाच पाडायची युक्ती सापडली आणि माझ्यासारख्या चकत्या तयार झाल्या.

मित्रांनो, तो काळच शोधांचा होता. गालाला न कापता दाढी करणारं पातं, चहा तासन्‌तास गरम ठेवणारी बाटली, कपड्यांना बटणांऐवजी लावायची चेन, अशा किती वस्तू त्याच सुमाराला निघाल्या. आज तुम्ही दप्तराची चेन सर्रकन ओढता, तेव्हा ती कुणीतरी डोकं खाजवून शोधली असेल असं तुमच्या मनातही येत नाही. दुकानात गप्पा मारायला येणारे विठ्ठलराव वकील वर्तमानपत्रातून या नवलाच्या गोष्टी वाचून दाखवत. त्यांनीच उत्तरेश्वराला पेटंट म्हणजे काय ते सांगितलं. ही युक्ती माझी आहे, मला विचारल्याशिवाय दुसऱ्याने ती करून विकू नये, असा सरकारकडून मिळवायचा हक्क म्हणजे पेटंट. उत्तरेश्वराला ते फार आवडलं. विठ्ठलरावांनी अर्ज लिहिला, चकतीचं चित्र काढलं आणि अर्ज दूरच्या कचेरीत पाठवला. त्या आनंदात उत्तरेश्वराने आम्हा सगळ्या चकत्यांच्या पाठीवर छिन्नीने अक्षरं कोरली, 'पेटंटचा अर्ज केला आहे'. अजून माझ्या पाठीवर ती आहेत. बोट फिरवलं तर लागतात.

पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. अशीच एक चकती परदेशात कुणीतरी आधीच शोधली होती, त्यामुळे पेटंट मिळणार नव्हतं. विठ्ठलरावांनी ते घाबरत घाबरत वाचलं. आता याला कसं समजवावं, या विचाराने त्यांचा चेहरा उतरला होता. उत्तरेश्वराने मात्र मांडीवर थाप मारली आणि छबुबाईला हाक दिली.

"आगं, ऐकलं का? समिंदराच्या पल्याड बी दूध उतू जातं म्हनं!"

"जाईल न्हाई तर काय," छबुबाई म्हणाली. "तिथल्या बायांची लेकरं काय रांगत न्हाईत?"

दोघं इतकी हसली की वकीलसाहेबांनाही हसावं लागलं. आपल्याला सुचलं तेच इतक्या लांबच्या माणसाला सुचलं, याचा उत्तरेश्वराला अभिमानच वाटला. पेटंट नाही तर नाही, त्याने आम्हाला बाजारात मांडलं आणि आम्ही हातोहात खपलो.

मला तेलगावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने नेलं. तिच्यानंतर तिच्या लेकीकडे, मग नातीकडे, अशी मी आईकडून लेकीकडे जात राहिले. किती पातेली पाहिली म्हणून सांगू! म्हशीचं दूध, गाईचं दूध, बाळंतिणीची खीर. कौतुकही भरपूर झालं. "आमच्या घरात दूध वाजतंय," असं बाया मिरवून सांगत.

मग पणतीकडे आले. ती भिवराबाई. तिच्या हयातीत पिशवीतलं दूध आलं, शिट्टीचा कुकर आला आणि मी मागे पडले. भिवराबाईचं घर दर हंगामाला ऊसतोडीला जायचं. जाताना लागेल तेवढंच सामान घ्यायचं, त्यात माझा नंबर लागेना. एकदा बाजेचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली मला सरकवलं आणि मी तिथेच राहिले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. अंगावरची कल्हई गेली, मी काळी पडले. दूध नाही, वाफ नाही, नुसती वरून घोरण्याची खडखड.

मला बाहेर काढलं ते भिवराबाईच्या सुनेनं, वर्षाराणीनं. ती बीडच्या कॉलेजात शिकलेली आणि स्वभावाने अतिशय जपणारी. तिला मुलगी झाली, प्रियदर्शनी. सगळे तिला पिऊ म्हणतात. पिऊ रांगायला लागली आणि वर्षाराणीचा जीव टांगणीला लागला. ती बाजेखालून झाडू फिरवत होती, कारण पिऊ जमिनीवरचं काहीही तोंडात घालायची. झाडू मला अडला. तिने मला ओढून काढलं, पदराने पुसलं आणि पाठीवरची अक्षरं वाचली.

"आत्याबाई, हे काय आहे? पेटंट लिहिलंय यावर."

"आगं ती खडखडी," भिवराबाई म्हणाली. "माझ्या मायची. दुधात टाकायची. टाक बाजंखाली, खाट डुगडुगती."

वर्षाराणीने बाजेखाली विटेचा तुकडा घातला आणि मला चिंचेने लखलखीत केलं. नुसत्या तांब्यात दूध बिघडेल, लेकराचं पोट दुखेल, म्हणून माहेरी गेली तेव्हा बीडभर फिरून तिने कल्हईवाला शोधून काढला. आणि एका सकाळी मी पुन्हा दुधात गेले. पहिल्यांदा वाजले तेव्हा पिऊ बसल्या जागी उड्या मारायला लागली! मी वाजायचे, ती टाळ्या पिटायची. त्या दिवसापासून वर्षाराणीला एक सवय लागली. मी वाजले की ती आधी पिऊकडे बघायची आणि मग गॅसकडे जायची.

आता खरी गोष्ट सांगते.

वर्षाराणीचा नवरा रामेश्वर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. हंगामात कारखान्याकडे जावंच लागतं. भिवराबाईचं म्हणणं, सगळ्यांनी बरोबर जायचं, वर्षाराणीने कोपीवर भाकरी करायच्या. कोपी म्हणजे फडाजवळची पाचटाची झोपडी. वर्षाराणीला वाटत होतं की पिऊ चालायला लागेपर्यंत तरी तिला घेऊन गावात राहावं. नवं घर नुकतंच बांधून झालं होतं.

"मानसं पांगली का घर ऱ्हात न्हाई," भिवराबाई म्हणायची. "मी बी रामेश्वरला पाठीला बांधूनच ऊस तोडला. मेला का त्यो?"

"माय, मला मधी घेऊ नको," रामेश्वर म्हणायचा. "मी कुठंबी जेवीन. टोळीत भाकरीला काय तोटा हाय?"

शेवटी भिवराबाईने निकाल दसऱ्यावर ठेवला. "दसऱ्याला घरभरणी करू. नव्या घरात दूध नीट उतू गेलं तर समजायचं, घर लाभलं. मंग ऱ्हा तू हितं. न्हाई तर गुमान बोचकं बांधायचं."

नव्या घरात पाऊल टाकताना दूध उतू घालायचं, ही आपली रीत. दूध उतू गेलं की घरात बरकत राहते म्हणतात.

दसऱ्याला घर माणसांनी भरलं. दारात हलगी कडाडत होती. स्वयंपाकघरात तीन विटा मांडून विस्तव केला होता. वर्षाराणीने नव्या पातेल्याला हळदीकुंकू लावलं. तिचं लक्ष अर्धं पातेल्यात, अर्धं पिऊत आणि उरलेलं सगळं सासूच्या चेहऱ्यावर. अशा वेळी हात आपापलं काम करतात. तिच्या हाताने रोजच्यासारखं मला फळीवरून उचललं, तळाशी ठेवलं आणि वरून दूध ओतलं!

मित्रांनो, मला तरी काय ठाऊक? मी आपली खुशीत. दूध वर यायला लागलं, मी वाफ सोडली. दूध काठापर्यंत जायचं आणि खाली बसायचं. पुन्हा जायचं, पुन्हा बसायचं. मी जीव तोडून वाजत होते, पण हलगीपुढे मला कोण ऐकतंय?

बायांची कुजबुज सुरू झाली.

"कावून वर येईना गं दूध?"

"जाळ कमी हाय का?"

"जाळ लई हाय. दूधच नाराज दिसतंय."

भिवराबाईने नुसतं सुनेकडे पाहिलं.

पण सून पातेल्याकडे बघतच नव्हती. हलगीच्या आवाजाखाली दबलेली माझी खडखड तिच्या कानाला मात्र बरोबर लागली होती, आणि सवयीने तिची मान पिऊकडे वळली. पिऊला शेजारणीने मांडीवर घेतलं होतं. आता मांडी रिकामी होती. नव्या घराच्या जिन्याला अजून कठडा नव्हता आणि पिऊ हात टेकत टेकत त्या जिन्यावर चढत होती.

"आगं दुधाकडं बग! कुठं पळती?" बाया ओरडल्या.

वर्षाराणी थांबली नाही. तिने जिन्यावरून पिऊला अलगद उचललं. पिऊ खळखळून हसत होती, आईचा मात्र श्वास लागला होता. ती पिऊला कडेवर घेऊन परत आली, तरी दूध पातेल्यातच होतं. तेवढ्यात हलगीवाल्यांनी चहा मागितला आणि हलगी थांबली.

मग माझा आवाज साऱ्या घराने ऐकला. टक टक, खडखड, खडखड. पिऊ टाळ्या पिटायला लागली.

"आता गं बया!" भिवराबाईने कपाळावर हात मारला. "दुधात खडखडी टाकली व्हय गं तू?"

वर्षाराणीचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्याबाई, चुकून… हाताला सवय आहे."

"आन पोरगी जिन्यावर हाय, हे कसं कळलं? आमी एवढ्या बाया हितं, एकीला बी दिसलं न्हाई."

"खडखडी वाजली की मी आधी पिऊकडे बघते. मग दुधाकडे."

भिवराबाईने एकदा जिन्याकडे पाहिलं, मग पिऊला आपल्याकडे घेतलं आणि तिच्या पायांची माती झटकली.

"कोपीवर जिना न्हाई," ती म्हणाली. "पर तिथं ट्रॅक्टर हाईत, इस्तू हाय, उघडा फड हाय. रामेश्वरला पाठीला बांधलं खरं, पर त्यो एकदा इस्तवाजवळ गेलता, तवा कोयता टाकून पळत सुटले व्हते मी. तू ऱ्हा पोरी हितंच. मी बी ऱ्हाते. जिन्याला कठडा कोन करून घेईल?"

"आन माझ्या भाकरी?" रामेश्वरने मुद्दाम विचारलं.

"कुठंबी जेवीन म्हनलं व्हतं ना? जेव आता!"

सगळं घर हसलं. एक म्हातारी म्हणाली, "पर भिवरे, दूध कुठं उतू गेलं अजून?"

"आधी माझं ठरलं, दुधाचं मागून," भिवराबाई म्हणाली. तिने झारा घेतला, दुधात बुडवला आणि मला अलगद वर काढलं. मी बाहेर आले मात्र, दूध फणफणत उठलं, काठावरून सांडलं आणि चारी बाजूंनी विस्तवावर चुर्र चुर्र झालं. "गेलं, गेलं!" असा ओरडा झाला. हलगीवाल्यांनी चहा तसाच ठेवून हलगी उचलली. मी ताटलीत पडले होते, गरम, ओली, आणि आयुष्यात पहिल्यांदा उतू जाणारं दूध बाहेरून बघत होते. काय देखणं दिसतं हो ते!

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू खाटेखाली, माळ्यावर पडली असेल. तिला एकदा बाहेर काढा, पुसा, तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. कुणीतरी तुमच्या पणजीचा त्रास कमी व्हावा म्हणून ती घडवली असेल. काम झालं की मला लगेच धुवा, दुधाची खरवड साचली की माझा आवाज बसतो. रोजच्या दिवशी मला जरूर हाक मारा, मी दूध राखीन, तुम्ही लेकरं राखा. पण घरात मोठा आनंद असेल त्या दिवशी मला फळीवरच राहू द्या आणि दुधाला खुशाल उतू जाऊ द्या.