एकाच बाजूचा फलाट

साहेब, नेलिदाच्या स्टेशनवर फलाटाची फक्त शहराकडे जाणाऱ्या गाडीची बाजू उंच करून तुम्ही फीत कापलीत! त्यामुळे चाकाच्या खुर्चीतली नेलिदा ब्युनोस आयर्सला एकटी जाते, पण परतल्यावर तिला उचलून उतरवायला माणसं लागतात. तिची मैत्रीण ओफेलियाही चाकाच्या खुर्चीतच. पण तिच्या स्टेशनवर दोन्ही बाजू उंच आहेत.

ब्युनोस आयर्सच्या त्यांच्या गायनवृंदातलं एकटीनं गायचं गाणं आज ओफेलियाला मिळालं. आवाज नेलिदाचा सरस, पण उतरवणारी माणसं संध्याकाळच्याच गाडीला असतात, म्हणून ती रोज तालीम अर्धी टाकून निघते. आज तालीम लवकर आटोपली आणि दोघी सोबत निघाल्या.

सायकलींच्या डब्यात ओफेलियानं येर्बाच्या कडू चहाचा पेला पुढे केला. नेलिदा घोट घेऊन "आभार" म्हणाली. या चहाचे आभार मानले की 'आता मला नको' असाच अर्थ होतो.

"एका घोटात? माझ्या गाण्यावर जळतेस काय गं?"

"गाण्यावर नाही, तुझ्या फलाटावर जळते!"

ओफेलिया तिच्या स्टेशनवर आपली आपण उतरली. पुढच्या स्टेशनवर सायकलवाल्यांनी आधी सायकली उतरवल्या. "हळू रे, रंग जाईल!" मग नेलिदाला पोत्यासारखं उचललं.

"बाई, आज दाबून जेवलात वाटतं!"

सगळे हसले. नेलिदाही हसली, आणि मनात म्हणाली, ओफेलियाचा फलाट खचू दे.

बालपणच्या मैत्रिणीचं असं वाईट चिंतायला तिला कुणी शिकवलं, साहेब? उत्तर द्या.